अक्षरांचा खेळ निरक्षर आजीलाही हवा

दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक छोटासा प्रश्न असतो. एक लांब शब्द देतात आणि त्यातील अक्षरांपासून अर्थपूर्ण शब्द तयार करा म्हणतात. मुलांना तो आवडतो, कारण त्यात पाठांतर नाही आणि गुण हमखास मिळतात. परीक्षा संपली की हा प्रश्न वहीतच राहून जातो. पुढे कधीतरी वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याच्या रूपाने तो निवृत्त शिक्षकांच्या, बँकेतल्या बाबूंच्या हाती येतो. सकाळचा चहा, चष्मा, पेन आणि कोडे. 'यानं डोकं तल्लख राहते' असे ते सांगतात आणि आपणही मान डोलावतो.

गेल्या वर्षावासात हिंगणघाट तालुक्यातील आमच्या विहारात हाच खेळ थोड्या वेगळ्या रीतीने खेळला गेला. त्यातून आम्हाला जे उमगले, ते आरोग्याच्या या पानावर मांडावेसे वाटते. हा खेळ चांगला आहे. पण ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांनाच आपण त्यातून बाहेर ठेवले आहे.

विहारातील ती दुपार

वर्षावासात आमच्या विहारात रोज दुपारी ग्रंथवाचन असते. वाचणाऱ्या दोघी-तिघी, ऐकणाऱ्या पंचवीस-तीस. ऐकणाऱ्यांत निम्म्या बाया साठीच्या पुढच्या. आयुष्यभर निंदण, वेचणी, सवंगणी केलेल्या. बहुतेकींना सहीपुरतेच अक्षर येते, काहींना तेवढेही नाही. त्या दिवशी भिंतीवर मागच्या महिन्यातील शिबिराचा फलक तसाच लटकलेला होता, 'आरोग्य तपासणी शिबिर'. वाचन संपल्यावर पाऊस सुरू झाला आणि कोणालाच घरी जाता येईना. दहावीतल्या एका मुलीने वेळ घालवायला फलकावरचा 'तपासणी' हा शब्द घेतला आणि मैत्रिणीला विचारले, यातून किती शब्द निघतात?

तपास, पास, पाणी. मग ती म्हणाली, पात. कांद्याची पात.

मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका आजीने तिला थांबवले. "पात म्हंजे काय कांद्याचीच होते का व माय? निंदाले गेलं का आपापली पात धरा लागते."

मुलीला हा अर्थ माहीत नव्हता. निंदणाला गेल्यावर प्रत्येक बाई आपल्यापुरता जो पट्टा धरून पुढे सरकते, ती पात. कोणाची पात पुढे गेली, कोणाची मागे राहिली, कोणी मैत्रिणीची पात धरून दिली, यावर त्या आजीच्या आयुष्यातील चाळीस पावसाळे गेलेले. मुलीने वहीत 'पात' या शब्दापुढे दुसरा अर्थ लिहिला. आजी सरकून पुढे आली आणि म्हणाली, "अजून सांग एखादा."

आजीला फलकावरचे एकही अक्षर वाचता येत नव्हते. तरी ती खेळत होती. कानाने खेळत होती.

खेळाने काय होते, काय होत नाही

आधी खरे काय ते बघू. कारण या विषयात बाजार मोठा आहे आणि खोटेही खूप विकले जाते.

शब्द शोधताना मेंदू एकाच वेळी तीन-चार कामे करतो. दिलेली अक्षरे ध्यानात धरून ठेवायची, त्यांची जागा मनातल्या मनात बदलायची, आयुष्यभर साठवलेल्या शब्दांच्या कोठीत जुळणारा शब्द शोधायचा आणि न जुळणारा टाकून द्यायचा. डॉक्टर स्मृतीची तपासणी करताना एका मिनिटात प्राण्यांची नावे सांगायला लावतात, तेही याच कोठीचे दार किती सहज उघडते हे पाहण्यासाठी. तेव्हा हा खेळ मेंदूला काम देतो, यात शंका नाही.

पण काम दिल्याने स्मृतिभ्रंश टळतो का? अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंचाहत्तरीच्या पुढील ४६९ माणसांवर काही वर्षे लक्ष ठेवले गेले. जे वाचत होते, पट-सोंगट्यांसारखे बैठे खेळ खेळत होते, वाद्य वाजवत होते, नाचत होते, त्यांच्यात स्मृतिभ्रंश कमी आढळला. ऐकायला छान वाटते. पण यात एक मेख आहे. ज्याचा मेंदू आधीच शाबूत आहे, तोच खेळायला बसतो. ज्याला हळूहळू विसर पडू लागला आहे, तो आधी खेळ सोडतो. मग खेळाने मेंदू टिकला की मेंदू टिकला म्हणून खेळ टिकला, हे अशा अभ्यासातून नक्की कळत नाही.

म्हणून दुसऱ्या प्रकारचे अभ्यास झाले. अमेरिकेतच पासष्टीच्या पुढील २८३२ लोकांचे गट पाडून त्यांना स्मृतीचे, तर्काचे किंवा झटपट पाहून ओळखण्याचे शिक्षण दिले. २००२ साली निष्कर्ष आला. ज्याला जे शिकवले, त्यात तो सुधारला. इतर गोष्टींत विशेष नाही. म्हणजे शब्दांचा खेळ खेळला तर शब्दांच्या खेळात माणूस तरबेज होतो. त्याने घराची किल्ली कुठे ठेवली, हे आठवेलच असे नाही. २०२२ साली सौम्य विस्मरण असलेल्या १०७ जणांवरील एका चाचणीत ७८ आठवड्यांनंतर संगणकावरील 'ब्रेन गेम' खेळणाऱ्यांपेक्षा शब्दकोडी सोडवणारे थोडे सरस ठरले. आशेची गोष्ट आहे, पण एवढ्यावर कोणी खात्रीची हमी देऊ नये.

हमी देणाऱ्यांचे काय झाले तेही ध्यानात ठेवा. मेंदू तल्लख करण्याचे खेळ विकणाऱ्या 'लुमॉसिटी' या कंपनीला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी २०१६ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या कारवाईत वीस लाख डॉलर भरावे लागले. आपल्या मोबाईलवरही तसल्याच जाहिराती येतात. पोराने आजोबांसाठी असले काही पैसे भरून घेण्याआधी दोनदा विचार करावा. चिंचोक्यांना पैसे पडत नाहीत.

मग आम्ही हा खेळ का सांगतो?

कारण स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत जे खात्रीने ठाऊक आहे, त्याचा आपल्या समाजाशी थेट संबंध आहे.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली जगभरचे संशोधन तपासून सांगितले की चौदा गोष्टींवर नीट लक्ष दिले तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येण्यासारखा आहे. त्या चौदा गोष्टी कोणत्या? रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान, जास्त दारू, हालचालीचा अभाव, डोक्याला मार, नैराश्य, हवेचे प्रदूषण, ऐकू कमी येणे, दिसणे कमी होऊनही उपचार न होणे, एकटेपणा. आणि लहानपणी शिक्षण कमी मिळणे.

ही शेवटची गोष्ट पुन्हा वाचा. शाळेत गेलेल्या मेंदूत, म्हातारपणी खर्च करण्यासाठी, काही शिल्लक पडलेली असते असे शास्त्रज्ञ मानतात. आजाराने मेंदूचे काही नुकसान झाले तरी ही शिल्लक बराच काळ माणसाला सांभाळून नेते. ज्याला शाळेचे दारच उघडले नाही, त्याची ही शिल्लक कमी. भारतात साठीच्या पुढील लोकांवर झालेल्या मोठ्या पाहणीतून २०२३ साली असा अंदाज पुढे आला की त्यांच्यातील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त, शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत जास्त.

स्त्री, खेडे आणि शाळा नाही. आमच्या विहारात भिंतीला टेकून बसणारी आजी या तिन्हींत मोडते. तिला अक्षर का आले नाही, हे या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगायला नको. तिच्या आजोबाला शाळेच्या ओसरीबाहेर बसवले गेले, तिच्या आईला शाळेत घालायचे कोणाच्या मनातही आले नाही, आणि ती स्वतः आठव्या वर्षी लहान भावाला कडेवर घेऊन वावरात बसली. तो अन्याय तिच्या तरुणपणी मजुरीत दिसला. म्हातारपणी तो स्मृतीत दिसू शकतो. शिक्षण हा नोकरीचा प्रश्न आहे एवढेच आपण ऐकत आलो. तो सत्तराव्या वर्षी आपल्या माणसांची नावे आठवण्याचाही प्रश्न आहे.

असे असताना मेंदूला काम देणारा हा साधा खेळ आपण कोणाच्या हाती ठेवला? ज्याची शिल्लक आधीच भरपूर आहे, त्याच्या. वर्तमानपत्रातील कोडे, मोबाईलवरचा खेळ, वाचनालयातील स्पर्धा, सगळे वाचता येणाऱ्यांसाठी.

निरक्षर म्हणजे शब्दहीन नव्हे

यावर काही शिकलेले बांधव म्हणतील, अहो, ज्यांना अक्षरच येत नाही त्यांना अक्षरांचा खेळ कसा जमेल? आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तरही शोधले गेले आहे.

पोर्तुगालमध्ये १९७९ साली काही संशोधकांनी कधीच शाळेत न गेलेल्या प्रौढांना एक साधे काम दिले. शब्दाच्या सुरुवातीला एक सुटा ध्वनी जोडायचा किंवा काढायचा. बहुतेकांना ते जमले नाही. मोठेपणी वाचायला शिकलेल्या, त्याच भागातील तशाच गरीब माणसांना मात्र जमले. म्हणजे दोष बुद्धीचा नव्हता. एकेक ध्वनी सुटा ऐकण्याची सवय वाचनातून लागते. पण पुढच्या अभ्यासात असेही दिसले की सुट्या ध्वनीऐवजी 'का', 'मा', 'पा' असा बोलण्यातला अख्खा तुकडा घेतला तर न शिकलेल्यांनाही ते बरेच सोपे जाते.

आता आपली मराठी पाहा. इंग्रजीत एकेक सुटे चिन्ह मांडावे लागते. आपले अक्षर मात्र काना-मात्रेसह येते आणि बोलण्यातील या तुकड्याच्या बरेच जवळ असते. 'तपासणी' म्हणजे त, पा, स, णी. हे चार तुकडे कानाने ऐकता येतात, तोंडाने म्हणता येतात. पाटी-पेन्सिल लागत नाही. म्हणून हा खेळ आमच्या आजीला जमला.

आणि शब्दांची कोठी म्हणाल तर ती कोणाची भरलेली आहे? जात्यावर दळता दळता ओव्या रचणाऱ्या बाया शाळेत गेलेल्या नव्हत्या. भीमाच्या ओव्या त्यांनीच रचल्या, त्यांनीच तोंडपाठ ठेवल्या, लेकीसुनांना दिल्या. त्यांच्यापाशी पिकांची, तणांची, ढोरांच्या दुखण्यांची, पावसाच्या प्रकारांची जेवढी नावे आहेत, त्यांतली निम्मीही दहावीच्या पुस्तकात सापडायची नाहीत.

हैदराबादला २०१३ साली स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची नोंद तपासली गेली. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला दिसला. आणि महत्त्वाचे म्हणजे हा फरक कधी शाळेत न गेलेल्या रुग्णांतही दिसला. हाही नोंदींचा अभ्यास आहे, त्यामुळे त्यावर सगळा भार टाकता येत नाही. तरी एवढे खरे की भाषा ही मेंदूची मिळकत आहे आणि ती फक्त शाळेत मिळत नाही. घरी वऱ्हाडी, बाजारात हिंदी, विहारात पाली गाथा आणि मुलांशी पुस्तकी मराठी, असे रोज जगणाऱ्या आमच्या आजीला 'काहीच येत नाही' असे म्हणणे थांबवले पाहिजे.

डॉक्टरांनाही एकदा हे शिकावे लागले. स्मृतीची जगभर वापरली जाणारी एक चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. त्यात 'डोळे मिटा' असे लिहिलेले वाचून तसे करायचे असते आणि एक वाक्य लिहून दाखवायचे असते. न शिकलेली माणसे तिथे आपोआप नापास होणार. नव्वदच्या दशकात हरियाणातील बल्लभगढ भागात अभ्यास करणाऱ्या गटाने ही चाचणी बदलली. वाचण्याऐवजी 'मी करतो तसे करा' आणि वाक्य लिहिण्याऐवजी 'तुमच्या घराबद्दल काही सांगा'. माणूस तोच, पण आता त्याची खरी स्मृती मोजता येऊ लागली. रोग मोजण्याची चाचणी जर न शिकलेल्या माणसासाठी बदलता येते, तर चार अक्षरांचा एक खेळ आपल्याला बदलता येऊ नये?

खेळ असा खेळा

आम्ही त्या पावसाळ्यात चुका करत करत जी रीत बसवली, ती अशी.

पाच जण गोल बसा. प्रत्येकाने एक अक्षर व्हायचे. 'हिंगणघाट' घेतले तर एक जण 'हिं', दुसरी 'ग', तिसरी 'ण', चौथी 'घा', पाचवी 'ट'. प्रत्येकीने फक्त आपले अक्षर ध्यानात ठेवायचे. कोणी म्हणाले 'घाट', की 'घा' आणि 'ट' हात वर करतात. सगळ्यांनी ऐकायचे, जुळले का? हिंग, गण, गट, घाण असे शब्द निघत जातात. बोलताना शब्दाच्या शेवटचे अक्षर अर्धेच ऐकू येते, म्हणून अक्षरे सुटी आणि सावकाश म्हणा. निघालेल्या प्रत्येक शब्दाला एक चिंचोका मध्ये टाका. चिंचोके सगळ्यांचे मिळून मोजा. कोण जिंकले, कोण हरले हे नको.

अक्षर जसे आहे तसेच घ्यायचे, काना-मात्रा काढायचा नाही. 'वावरात' या शब्दावर आमची चांगलीच फजिती झाली. सगळ्या आधी म्हणाल्या 'वावर'. पण त्यात 'रा' आहे, 'र' नाही. मग वरात निघाली, वारा निघाला, वात निघाली, तवा निघाला, राव निघाला. तव्यापाशी येईपर्यंत सगळ्या हसून बेजार.

सुरुवातीला जोडाक्षर नसलेले शब्द बरे. 'संविधान'मधून विधान आणि संधान निघाले. भंडाऱ्याकडून लग्न होऊन आलेल्या एका बाईने सगळ्यांच्या आधी 'धान' सांगितले. 'शिकवण'मधून कण, वण, कव. 'सरपंच'मधून सर, रस, पंच, चर. नंतर 'रक्तदाब' घ्या. रक्त, दाब, दार. आणि शब्द संपले की गोलात विचारा, कोणाकोणाचा रक्तदाब या महिन्यात मोजला? आमच्याकडे त्या दिवशी अर्ध्याहून जास्त बायांनी वर्षभरात एकदाही मोजलेला नव्हता. खेळातून निघालेला सर्वांत कामाचा शब्द तोच ठरला.

शब्द बरोबर की चूक हे कोणी ठरवायचे? यावर आमचे मत ठाम आहे. वऱ्हाडी शब्द चालेल, हिंदी शब्द चालेल. 'पुस्तकात नाही' हे कारण चालणार नाही. ज्याने शब्द सांगितला त्याने तो कुठे, कसा वापरतात हे सांगायचे आणि आणखी एकीने 'हो, आमच्याकडेही म्हणतात' म्हटले की शब्द पास. या एका नियमाने आज्या बोलत्या झाल्या आणि पोरींच्या वह्या भरल्या. शाळकरी मुलांनाही यात तोटा नाही. त्यांच्या परीक्षेतील प्रश्नाची तयारी होतेच, वर शब्दांचे न छापलेले अर्थ मिळतात.

आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस मिनिटे पुरेत. वर्षावासात वाचनानंतर, एरवी रविवारच्या वंदनेनंतर. एकटेपणा हाही त्या चौदा कारणांपैकी एक आहे, म्हणून घरी एकट्याने कोडे सोडवण्यापेक्षा चार माणसांत बसून खेळणे आम्हाला जास्त मोलाचे वाटते. कोड्याने मेंदूला काम मिळते. गोलात बसल्याने काम मिळते, सोबत मिळते आणि हसणेही.

खेळाची परीक्षा करू नका

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हा खेळ म्हाताऱ्या माणसाला तपासायचे हत्यार नाही. 'आजी, तुले येवढंही आठवत नाही का?' असे नातवाने सर्वांसमोर म्हटले की आजी पुन्हा गोलात येत नाही. आमच्याकडे एकदा असे झाले. एक आजी विचारले की भलतेच अक्षर सांगायची. सगळे हसले. कोणी म्हणाले, हिचे डोके गेले. ती दोन आठवडे विहारात आलीच नाही. शेवटी सून तिला दवाखान्यात घेऊन गेली तेव्हा कळले की दोन्ही कानांत मळ घट्ट बसला होता आणि ऐकूही बरेच कमी झाले होते. ती 'पा' ला 'बा' ऐकत होती. विसरत नव्हती. कान साफ झाले, आजी परत आली. पण दोन आठवडे आम्ही तिला वेडे ठरवले होते, याची लाज वाटली.

म्हणून आधी कान आणि डोळे. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया लांबवू नका. ऐकू कमी येत असेल तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. विसरभोळेपणा ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने, थायरॉईडच्या बिघाडाने, नैराश्यानेही येतो आणि यांवर उपचार आहेत. शब्द चटकन न आठवणे, नाव जिभेवर येऊन अडकणे हे वयाबरोबर चालायचेच. पण तोच प्रश्न दहा मिनिटांत पाचदा विचारणे, रोजच्या वाटेवर रस्ता चुकणे, पैशांचा साधा हिशेब न जमणे, स्वभाव एकदम बदलणे, असे काही दिसले तर खेळत बसू नका, डॉक्टरांकडे जा. जवळच्या आरोग्य केंद्रापासून सुरुवात करा. पुढे वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगी मेघेचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. ज्या घरात असा रुग्ण सांभाळला जातो, तिथे सांभाळणाऱ्या सुनेचे किंवा लेकीचे मनही थकते. तिने 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोकळेपणाने बोलावे. हा फोन विनामूल्य आहे.

आणि खेळाच्या नावाखाली बाकीच्या गोष्टी विसरू नका. फिनलंडमध्ये साठी ते सत्त्याहत्तरीच्या १२६० लोकांवर दोन वर्षे प्रयोग झाला. आहार, व्यायाम, मेंदूला काम आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष, हे सगळे एकत्र दिले तेव्हा फायदा दिसला. शब्द शोधून झाल्यावर रक्तदाबाची गोळी चुकवली तर काय उपयोग? आपला जिल्हा कागदोपत्री दारूबंदीचा आहे. तरी कोणत्या गल्लीत काय मिळते, हे बायांना ठाऊक आहे. घरातील पुरुषाची दारू त्याच्या मेंदूलाही खाते, हे गोलात बसून एकदा स्पष्ट बोलले पाहिजे.

आमचे म्हणणे

काही जण म्हणतील, म्हाताऱ्या बायांना पेन्शन वेळेवर मिळत नाही, रेशनला अंगठा उमटत नाही, आणि तुम्ही शब्दांचे खेळ सांगता. बरोबर आहे. खेळाने पेन्शन मिळणार नाही, त्यासाठी तहसीलवर जावेच लागेल. पण आम्ही पाहिले ते असे. जी आजी गोलात बसून मोठ्याने शब्द सांगू लागली, तीच पुढच्या महिन्यात ग्रामसभेत उभी राहून बोलली. दोन्हीसाठी आधी तोंड उघडावे लागते.

आणि खरा इलाज सुरुवातीलाच आहे. घरातील कोणतीही मुलगी सातवी-आठवीनंतर शाळेतून काढू नका. लग्न, लहान भावंडे, कापसाची वेचणी, कोणतेही कारण असो. तिची शाळा ही तिच्या सत्तराव्या वर्षाचीही तरतूद आहे. बाबासाहेबांनी शिक्षण सर्वांत पुढे का ठेवले, याचे आणखी एक कारण आता वैद्यकशास्त्रही सांगू लागले आहे.

ज्यांची शाळा हुकली, त्यांना ती परत देता येत नाही. पण गोलात जागा देता येते. येत्या वर्षावासात प्रत्येक विहाराने वाचनानंतरची वीस मिनिटे यासाठी काढावीत, एवढीच आमची विनंती आहे. फळा नको, वही नको, मोबाईल नको. मूठभर चिंचोके घ्या, भिंतीला टेकून बसलेल्या आजीला पुढे बोलवा आणि पहिला शब्द तिलाच विचारा.

आमच्या आजीने आता नवा हट्ट धरला आहे. कानाने ओळखलेले 'पा' फलकावर दिसते कसे, ते तिला पाहायचे आहे. दहावीतली ती मुलगी तिला रोज एक अक्षर दाखवते. परवा 'पाणी' वाचून झाले.